कैदी आपला, सही परक्याची

तुरुंगात टाकलेल्या एखाद्या कार्यकर्त्यासाठी परदेशातून निवेदन आलं की आपल्याकडे ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू ते निवेदन उचलून धरते. दुसरी म्हणते, आमच्या घरात नाक खुपसणारे हे कोण? पुढच्या वेळी कैदी दुसऱ्या गोटातला निघाला की बोलणारे तेच असतात, वाक्यांची मात्र अदलाबदल झालेली असते. आमच्या इंदिरानगरातल्या सकाळच्या कट्ट्यावर हा वाद मी दोन्ही बाजूंनी ऐकला आहे. त्या निवेदनाची कुळकथा कुणीतरी नीट सांगायला हवी, असं दर वेळी वाटतं. ती आपल्यापासून लांबची नाही. इंदिरानगरातून निघालं तर जुन्या नाशकातलं विजयानंद नाट्यगृह, नाशिकरोडचं मध्यवर्ती कारागृह आणि भगूर ही तिन्ही ठिकाणं जवळ आहेत, आणि तिन्ही या कथेत येतात.

या मागोव्यातून मला एक गोष्ट लख्ख दिसते. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक राजकीय प्रवाहाच्या कैद्यासाठी कधी ना कधी परक्यांनी सही केली आहे. टिळकांसाठी केली, सावरकरांसाठी केली, डांग्यांसाठी, गोव्याच्या सत्याग्रहींसाठी, आणीबाणीतल्या समाजवाद्यांसाठी आणि संघवाल्यांसाठीही केली. त्यामुळे ‘परकी’ म्हणून ती सही झिडकारण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणाकडेच उरलेला नाही. ती सही काय साधते आणि काय साधत नाही, हे तपासण्याचा अधिकार मात्र सगळ्यांना आहे.

ऑक्सफर्डच्या पंडिताचा अर्ज

१८९७ साल. पुण्यात प्लेगचा कहर, त्यावर सोजिरांच्या झडत्यांचा जाच. २२ जूनच्या रात्री चाफेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. त्यानंतर महिनाभरात ‘केसरी’तल्या लेखनाबद्दल टिळकांना अटक झाली आणि १४ सप्टेंबरला राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. मुंबई कायदे कौन्सिलात बसलेला सभासद आता कैद्याच्या कपड्यांत होता. तुरुंगाच्या अन्नाने त्यांची तब्येत झपाट्याने ढासळली.

खटल्यासाठी देशातून वर्गणी जमली. बंगालमध्ये त्यासाठी खटपट करणाऱ्यांत रवींद्रनाथ ठाकूर होते. सुटकेसाठी हालचाल झाली ती विलायतेत. ऑक्सफर्डचे संस्कृतचे पंडित मॅक्समुल्लर यांना टिळक ‘ओरायन’ या ग्रंथामुळे माहीत होते. वेदांच्या काळाबद्दल दोघांचं मत एक नव्हतं. तरीही मॅक्समुल्लरांनी पुढाकार घेतला आणि व्हिक्टोरिया राणीकडे अर्ज गेला. त्यावर सर विल्यम हंटर, कलकत्ता हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड गार्थ, विल्यम केन, दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांची नावं होती. मॅक्समुल्लरांनी स्वतः सिद्ध केलेल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती टिळकांना तुरुंगात धाडली. येरवड्याच्या कोठडीत त्या पोथीवर टिळकांनी जे चिंतन केलं, ते पुढे १९०३ साली ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात उतरलं, आणि त्याच्या प्रस्तावनेत टिळकांनी या मदतीचा कृतज्ञतेने उल्लेखही केला.

६ सप्टेंबर १८९८ च्या रात्री, मुदतीच्या सहा महिने आधी टिळक सुटले. सुटकेला अटी होत्या. सत्कार-मिरवणुका करून घ्यायच्या नाहीत आणि पुन्हा तोच गुन्हा शाबीत झाला तर राहिलेली शिक्षा भोगायची.

या पहिल्या अर्जाचं रूप नीट पाहण्यासारखं आहे. खटला चुकीचा होता, असा वाद त्यात मांडलेला नव्हता. कैदी विद्वान आहे, त्याची प्रकृती बिघडली आहे, दया करा, असा त्याचा सूर होता. सही करणाऱ्यांचं नाव राज्यकर्त्यांच्या दरबारात वजनदार होतं. म्हणून अर्ज चालला. पण त्याच धामधुमीत पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली, कसलाही आरोप न ठेवता, स्थानबद्ध केलं होतं. त्यांच्या नावावर विद्वत्तेचा ग्रंथ नव्हता. ते १८९९ पर्यंत अडकून पडले. विद्वत्तेकडे बोट दाखवून मागितलेली दया विद्वानापुरतीच पुरते, हा धडा पहिल्याच पायरीवर मिळाला.

दहा वर्षांनी त्याचा पुरता पडताळा आला. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची सजा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस याप्रमाणे सहा दिवस काम बंद ठेवलं. युरोपात परागंदा असलेल्या लेनिनने ऑगस्टमध्ये या शिक्षेवर आणि या संपावर लिहिलं, मुंबईचा कामगार राजकारणात उतरला याची नोंद घेतली. ते लिखाण पुढे फार गाजलं. पण तेव्हा लिहिणाऱ्याच्या हाती काहीच सत्ता नव्हती. टिळकांनी मंडालेची सहा वर्षं जवळजवळ पूर्ण भोगली आणि जून १९१४ मध्ये ते परत आले.

मार्सेलचा धक्का आणि हेगचं न्यायासन

२१ डिसेंबर १९०९ ला नाशकात विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता. तिथे अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्याआधी जूनमध्ये विनायक सावरकरांचे थोरले भाऊ बाबाराव यांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली होती. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. नाशिक कटाच्या खटल्यासाठी विनायक सावरकरांना लंडनमध्ये पकडून ‘मोरिया’ बोटीने हिंदुस्थानकडे रवाना केलं. भगूरच्या या मुलाच्या प्रकरणाने पुढच्या आठ महिन्यांत युरोपातल्या दोन सरकारांना आंतरराष्ट्रीय लवादापुढे उभं केलं.

८ जुलै १९१० ची सकाळ. बोट मार्सेलच्या बंदरात उभी. सावरकर शौचकूपात गेले, खिडकीच्या गोल भोकातून अंग चोरून बाहेर निसटले, पाण्यात पडले, पोहत धक्क्याला लागले आणि फ्रान्सच्या भूमीवर धावू लागले. बोटीवरचे लोक आरडाओरडा करत मागे. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका अंमलदाराने त्यांना काही मिनिटांतच धरलं. त्याने त्यांना फ्रेंच मॅजिस्ट्रेटपुढे नेलं नाही. बोटीवरच्या लोकांच्या मदतीने परत बोटीवर नेऊन इंग्रजांच्या हवाली केलं. दुसऱ्या दिवशी बोट निघून गेली.

फ्रान्सच्या भूमीवर पोचलेला राजकीय आरोपी असा हातोहात परत कसा दिला? मॅडम कामा आणि पॅरिसमधल्या हिंदी क्रांतिकारकांनी हा प्रश्न फ्रेंच समाजवाद्यांपर्यंत नेला. जाँ जोरेस यांच्या ‘ल्युमानिते’ने तो लावून धरला. कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे त्यावर लिहीत राहिला. आश्रयाचा हक्क ही फ्रेंच क्रांतीने जपलेली गोष्ट होती, आणि ती आपल्याच पोलिसाने मोडली याची फ्रेंच जनतेला लाज वाटली. सावरकर कोण, त्यांचं म्हणणं काय, हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊकही नव्हतं. दबाव एवढा वाढला की फ्रान्सने कैदी परत मागितला आणि ऑक्टोबरमध्ये दोन्ही सरकारांनी वाद हेगच्या कायम लवाद न्यायालयाकडे सोपवला.

पाच न्यायाधीश बसले. अध्यक्ष बेल्जियमचे बेर्नार्ट, दुसरे फ्रान्सचे रनो. दोघेही शांततेच्या नोबेलचे मानकरी. पण न्यायासनापुढे ब्रिटन होतं आणि फ्रान्स होतं, सावरकर नव्हते. त्यांच्या वतीने बोलायला वकील नव्हता, कारण दोन राज्यांच्या वादात माणूस पक्षकार नसतो. निकालाची वाटही मुंबईच्या खास न्यायालयाने पाहिली नाही. २३ डिसेंबर १९१० ला पहिली आणि ३० जानेवारी १९११ ला दुसरी जन्मठेप ठोठावली गेली. हेगचा निकाल आला २४ फेब्रुवारीला. फ्रेंच पोलिसांना बोटीवरच्या कैद्याची आगाऊ खबर देऊन ठेवली होती, फसवणूक किंवा बळजबरी झाली नाही, परत देताना गैररीत घडली असेल, पण तेवढ्यासाठी कैदी फ्रान्सला परत करण्याचं बंधन ब्रिटनवर येत नाही, असा तो निकाल होता. सावरकर जुलैत अंदमानला पोचले.

ब्रिटन हरलं नाही, कैदीही सुटला नाही. तरीही या प्रकरणाने या कुळकथेत दोन नव्या गोष्टी आणल्या. राजाकडे दया मागण्याऐवजी कायद्याकडे दाद मागितली गेली. आणि ओळखदेख नसलेली माणसं केवळ तत्त्वासाठी परक्या कैद्याच्या बाजूने उभी राहिली. लंडनच्या गाय ऑल्ड्रेडचंच बघा. हा तरुण इंग्रज छापखानेवाला. श्यामजी कृष्ण वर्मांचं ‘इंडियन सोशॉलॉजिस्ट’ छापायला दुसरे कचरत होते तेव्हा याने छापलं आणि १९०९ साली बारा महिन्यांचा तुरुंग ओढवून घेतला. बाहेर आल्यावर त्याने सावरकरांच्या सुटकेची बाजू घेतली आणि १९१२ साली आपल्या ‘हेरल्ड ऑफ रिव्होल्ट’चा एक अंक त्यांच्या प्रकरणाला वाहिला. ऑल्ड्रेड अराज्यवादी होता. सावरकरांच्या पुढच्या राजकारणाशी त्याचं नातं सांगता येणार नाही. तरी उपकार उपकारच.

मीरतचे कैदी आणि सहा काठ्या

२० मार्च १९२९ ला देशभर धाडी पडल्या आणि तीसेक कामगार पुढाऱ्यांना मीरतला नेण्यात आलं. त्यात मुंबईची नावं ठसठशीत होती: डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर, अधिकारी, आणि गिरणी कामगारांतूनच वर आलेले अर्जुन आळवे आणि गोविंद कासले. मुंबईच्या गिरण्यांशी काही संबंध नसलेलं मीरत खटल्यासाठी निवडलं, कारण मुंबई-कलकत्त्यात ज्यूरीपुढे खटला चालवावा लागला असता. तो जवळपास चार वर्षं रेंगाळला. पुण्याचे वृद्ध कामगार पुढारी ठेंगडी निकालाआधीच वारले.

आरोपींत स्प्रॅट, ब्रॅडली आणि हचिन्सन हे तीन इंग्रज होते. त्यामुळे विलायतेतल्या कामगारांना हा खटला परका वाटेना. फ्रान्समधून रोमाँ रोलाँ यांनी कैद्यांची बाजू घेतली. इंग्लंडात हॅरल्ड लास्कींसारख्या प्राध्यापकांनी आवाज उठवला. हचिन्सनने पुढे या खटल्यावर पुस्तक लिहिलं, त्याची प्रस्तावना लास्कींची आहे.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते एक पथनाट्य. लँकेशायरच्या सूतगिरण्यांच्या पट्ट्यात कामगारांची नाटक मंडळं ‘मीरत’ नावाचा छोटा प्रयोग गिरणीच्या फाटकापाशी, चौकात करत. नेपथ्य म्हणजे सहा काठ्या. नट त्या उभ्या-आडव्या धरून गज करायचे, गजांतून तोंडं दिसायची, गुडघ्यावर बसलेले कामगार मीरतच्या कैद्यांच्या वतीने बोलायचे आणि शेवटी गजांतून हात बाहेर काढून बघ्यांकडे हात मागायचे. मँचेस्टरचं कापड आणि मुंबईचं कापड बाजारात एकमेकांचे वैरी. मुंबईत संप झाला की मँचेस्टरच्या मालकाचा फायदा. मंदीने काम गेलेल्या त्या गोऱ्या कामगारांनी मात्र आळव्यांच्या आणि कासल्यांच्या सुटकेसाठी काठ्या धरल्या. इथे सही करणारा पंडित राहिला नाही, पोट हातावर असलेला माणूस आला.

जानेवारी १९३३ च्या निकालात मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप आणि डांगे यांना बारा वर्षांची काळ्या पाण्याची सजा झाली. ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने अपिलात काहींना सोडून दिलं, बाकीच्यांच्या सजा खूप उतरवल्या. या दोघांच्याही तीन वर्षांवर आल्या. हे श्रेय एकट्या बाहेरच्या आवाजाला देता येणार नाही, वकिलांनी अपील नेटाने लढवलं होतं. तरी दीर्घ खटला हीच शिक्षा ठरते, हे तोवर विलायतेतही बोललं जाऊ लागलं होतं. एक कडू सत्यही नोंदवायला हवं. १९२९ ते १९३१ मध्ये लंडनच्या गादीवर रॅम्से मॅक्डोनल्ड यांचं मजूर सरकार होतं. त्याने खटला मागे घेतला नाही. विरोधात असताना कैद्यांचा कळवळा येणं आणि सत्तेत असताना तो टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे पुढेही वारंवार दिसलं.

त्याच सुमारास आपल्या नाशिकरोडच्या तुरुंगात सविनय कायदेभंगाचे सत्याग्रही भरले होते. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत ‘श्यामची आई’ इथेच लिहिली. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना इथेच आकाराला आली. १९३२ साली लंडनच्या इंडिया लीगचं पथक कृष्ण मेननांबरोबर हिंदुस्थानात फिरलं. एलन विल्किन्सन, मोनिका व्हॉटली आणि लेनर्ड मॅटर्स यांनी लाठीमार, वटहुकूम आणि तुरुंगांची हालत पाहून ‘कंडिशन ऑफ इंडिया’ हा अहवाल केला, बर्ट्रंड रसेल यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. सहीच्या जोडीला आता डोळ्यांनी पाहून केलेली नोंद आली. मानवी हक्कांचे आजचे अहवाल याच वाटेने चालतात.

भारताने केलेली सही

१९४६ साली भारत स्वतः सही करणारा झाला. दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांना वेगळ्या वस्त्यांत कोंडणारा कायदा आला, दरबानमध्ये सत्याग्रह सुरू झाला, शेकडो माणसं तुरुंगात गेली. भारताने व्यापार तोडला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्याच आमसभेत नेला. दक्षिण आफ्रिकेचे स्मट्स म्हणाले, हा आमचा अंतर्गत मामला आहे, सनदेच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे इथे बोलताच येणार नाही. विजयालक्ष्मी पंडितांनी ते मान्य केलं नाही. ८ डिसेंबर १९४६ ला ३२ विरुद्ध १५ मतांनी भारताचा ठराव मंजूर झाला. ‘अंतर्गत मामला’ या ढालीला जगाच्या चावडीवर पहिलं भोक पाडलं ते आपण, स्वातंत्र्य मिळण्याआधी.

ही भूमिका आपण गोव्यासाठीही घेतली. लोहियांच्या १९४६ च्या मडगावच्या सभेनंतर त्रिस्ताँव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची सजा देऊन पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात पाठवलं. १९५५ च्या सत्याग्रहात नाशिकरोडच्या तुरुंगातले तेच ना. ग. गोरे आणि मधु लिमये पोर्तुगीज कोठडीत गेले. लिमयांना बारा वर्षं सजा झाली. १९५७ साली ते सुटले.

मोहन रानडे मात्र अडकून राहिले. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे. आझाद गोमंतक दलातून सशस्त्र लढताना १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले. सव्वीस वर्षांची सजा झाली आणि १९६० साली पोर्तुगालला रवानगी. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पकडलेले हजारो पोर्तुगीज सैनिक भारताने पुढच्या वर्षी परत पाठवले, आणि रानडे लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात तसेच राहिले. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात वकिलातीचे संबंधच नव्हते.

गोवा मुक्त झाला नेमक्या त्याच वर्षी आधुनिक निवेदन-पद्धतीचा जन्म झाला होता. २८ मे १९६१ च्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये पीटर बेनेन्सन या वकिलाने विसरल्या गेलेल्या कैद्यांवर लेख लिहिला आणि त्यातून ॲम्नेस्टी इंटरनॅशनल उभी राहिली. त्या लेखात हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालने डांबलेला अंगोलाचा कवी-डॉक्टर अगुश्तिन्यु नेतो होता. ॲम्नेस्टीच्या प्रत्येक गटाने तीन कैदी दत्तक घ्यायचे, एक पाश्चात्य देशातला, एक साम्यवादी देशातला, एक तिसऱ्या जगातला, अशी शिस्त होती. पक्षपात टाळण्याची ती युक्ती मला आजही अनुकरणीय वाटते. पण दत्तक घेण्याची अट होती: कैद्याने हिंसा केलेली किंवा पुरस्कारलेली नसावी. याच अटीमुळे रिव्होनिया खटल्यानंतर नेल्सन मंडेलांना त्या यादीत ठेवलं नाही. हाती शस्त्र घेतलेले रानडे त्या व्याख्येत बसणारे नव्हते.

त्यांच्यासाठी वेगळी वाट काढावी लागली. सुधीर फडके यांनी विमोचन समिती उभी केली आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९६८ साली मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई व्हॅटिकनला गेले तेव्हा त्यांनी पोप पॉल सहावे यांच्याकडे स्वतःसाठी काही न मागता या मराठी कैद्याची सुटका मागितली. पोर्तुगाल कॅथलिक, सालाझारची राजवट धर्मपीठाचा शब्द मानणारी. जानेवारी १९६९ मध्ये, चौदाव्या वर्षी रानडे सुटले. ते मायदेशी पोचेपर्यंत अण्णादुराई वारले होते. निरीश्वरवादाच्या चळवळीतून आलेला एक तमिळ नेता, रोमचे पोप आणि मराठी भावगीतांचा गायक, या तिघांच्या प्रयत्नातून हे घडलं. पण गाठ पक्की बसली ती घरच्या समितीने नाव विसरू दिलं नाही म्हणून.

आणीबाणी

२५ जून १९७५ नंतर नाशिकरोडच्या तुरुंगात पुन्हा राजकीय कैदी आले. या वेळी राज्य आपलं होतं. गोपीनाथ मुंडे आणि प्रमोद महाजन हे तेव्हाचे तरुण कार्यकर्ते इथेच होते. चाळीसेक वर्षांपूर्वी याच भिंतींआड राहिलेले जयप्रकाश चंदीगडला डांबले गेले. १५ ऑगस्ट १९७५ ला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांच्या सुटकेसाठी जाहिरात झळकली. ब्रिटन-अमेरिकेतल्या भारतीयांनी मोर्चे काढले. संघाशी नातं सांगणाऱ्या फ्रेंड्स ऑफ इंडिया सोसायटीने परदेशात आणीबाणीविरुद्ध सभा घेतल्या. इंदिरा सरकारने परदेशी बातमीदारांना देशाबाहेर घालवलं आणि हा सगळा परकीय शक्तींचा डाव असल्याचं सांगितलं.

या काळातली परदेशी सही किती वेगाने काम करू शकते हे जॉर्ज फर्नांडिस यांच्या बाबतीत दिसलं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे, पालिका कामगारांचे, रेल्वे संपाचे जॉर्ज १० जून १९७६ ला कलकत्त्यात पकडले गेले. त्याच्या महिनाभर आधी त्यांचे भाऊ लॉरेन्स यांचा बंगळुरात पोलिसांनी अतोनात छळ केला होता. जॉर्ज गुपचूप मारले जातील ही भीती खरी होती. बातमी परदेशी वकिलातींमार्फत बाहेर पोचली, आणि विली ब्रांट, ब्रुनो क्रायस्की आणि ओलोफ पाल्मे या समाजवादी नेत्यांनी दिल्लीला जॉर्जच्या जिवाबद्दल विचारणा केली. त्याने जॉर्ज सुटले नाहीत. पण तो कैदी कुणाच्या हाती आहे हे जगाला कळलं, आणि ज्याची नोंद झाली त्याला नाहीसं करणं अवघड असतं. मार्च १९७७ मध्ये ते तुरुंगातूनच मुझफ्फरपूरहून निवडून आले.

यापुढचं पान मला या साऱ्या मागोव्यात सगळ्यात मोलाचं वाटतं. कालचे कैदी मंत्री झाले. मोरारजी पंतप्रधान, वाजपेयी परराष्ट्रमंत्री, जॉर्ज उद्योगमंत्री. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं ठरलं. १० एप्रिल १९७९ ला भारताने नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. अटक झालेल्याचा खटला वाजवी मुदतीत चालवा नाहीतर त्याला सोडा, हे त्या कराराचं नववं कलम सांगतं. म्हणजे आज बाहेरचं कुणी आपल्या कैद्याबद्दल विचारतं, ते आपल्याच कैद्यांनी मंत्री झाल्यावर दिलेल्या शब्दाच्या आधारे.

तळोजा

भीमा-कोरेगावच्या गुन्ह्यात २०१८ पासून सोळा जण पकडले गेले. वकील, प्राध्यापक, कवी, कलावंत. सरकारचे आरोप गंभीर आहेत, आरोपींना ते साफ अमान्य आहेत. कुणाचं खरं ते न्यायालय ठरवील, मी ठरवणार नाही. माझं म्हणणं मुदतीबद्दल आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जामीन दिला तेव्हा सहा वर्षं उलटून गेली होती आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. मीरतचा खटला परक्या राजवटीतला, तोही चार वर्षांत निकालापर्यंत गेला होता.

फादर स्टॅन स्वामी ८३ वर्षांचे होते. कंपवाताने हात थरथरत, पेला धरवत नसे. ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून आणून त्यांना तळोज्याच्या तुरुंगात ठेवलं. पाणी पिण्यासाठी नळी आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. त्याच ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त मिशेल बाचलेट यांनी त्यांचं नाव घेऊन चिंता व्यक्त केली. परराष्ट्र खात्याचं उत्तर होतं की भारतात कायद्याचं राज्य आणि स्वतंत्र न्यायसंस्था आहे. ५ जुलै २०२१ ला, जामिनाचा अर्ज प्रलंबित असताना, वांद्र्याच्या रुग्णालयात ते वारले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी अटकेविषयीच्या कार्यगटाने त्यांची कैद मनमानी होती असं मत दिलं. तोवर त्या मताचा त्यांना उपयोग उरला नव्हता.

हिशेब

एवढ्या मागोव्यानंतर या सहीची ताकद आणि मर्यादा दोन्ही सांगता येतात. तिने एकटीने क्वचितच कुलूप उघडलं. उघडलं तेव्हा सही करणाऱ्याचं वजन सरकारला मोजावं लागत होतं आणि घरी कुणीतरी त्या कैद्याचं नाव धगधगतं ठेवलं होतं. टिळक आणि रानडे ही त्याची दोन उदाहरणं. ती वेळेवर आली तर जीव वाचवते, जॉर्ज याची साक्ष आहेत. उशिरा आली, किंवा ऐकणाऱ्याने कान बंद ठेवले, तर ती मृत्यूनंतरची नोंद होते. आणि सरकारचं उत्तर १९४६ च्या स्मट्सपासून आजवर एकच आहे, गादीवर कुणीही असो.

म्हणून पुढच्या वेळी बाहेरून निवेदन आलं की सही कुणाची हे आधी बघू नये. तीन गोष्टी विचाराव्यात. त्यातली माहिती खरी आहे का? खटला वाजवी मुदतीत चालला आहे का? कैद्याला औषध, वकील आणि घरच्यांची भेट मिळते आहे का? माहिती खोटी असेल तर पुराव्यानिशी खोडून काढावी. खरी असेल तर कैदी आपल्या पक्षाचा नसला तरी उत्तर मागावं. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली आणि अजून त्याला मान्यता दिलेली नाही. ती मागणीही सगळ्या पक्षांनी मिळून करण्यासारखी आहे, कारण पोलीस कोठडी पक्ष बघून बदलत नाही.

आणि सही घेणाऱ्याने सही करायलाही हवी. टिळकांनी सहा वर्षं काढली त्या मंडालेत २०२१ च्या लष्करी बंडानंतर पुन्हा राजकीय कैदी कोंडलेले आहेत. त्यांच्यातल्या कुणी आपल्याला एखादा ग्रंथ पाठवलेला नाही, त्यांची मतं आपल्याला ठाऊक नाहीत, त्यांच्या सुटकेने आपलं काही भलं होणार नाही. मॅक्समुल्लर, लाँगे, ऑल्ड्रेड आणि लँकेशायरचे ते बेकार कामगार यांचं देणं आपण लागतो. ते फेडायचं तर अशाच माणसांसाठी कागद पुढे ओढून सही करावी लागेल, आणि त्यांचं सरकार ‘आमचा अंतर्गत मामला’ म्हणालं तर १९४६ साली आपण काय उत्तर दिलं होतं ते त्याला ऐकवावं लागेल.